वाटाड्या हवाच

गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमारा प्रवेशद्वारातून नागझिऱ्याच्या जंगलात शिरताना गाडीत स्थानिक गाईड बसवावाच लागतो. नेपाळनेही 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सोबत घेण्याचा नियम केला. काहींना तो जाचक वाटतो, पण त्या देशाचा इतिहास पाहिला की त्याचे मोल कळते. 1996 ते 2006 च्या यादवीत माओवादी पायवाटेवर ट्रेकर्सना अडवून ‘देणगी’ घेत आणि चक्क पावती देत. पुढच्या नाक्यावर ती दाखवली की बहुधा सुटका होई. कुठे थांबायचे, कोणाशी काय बोलायचे, हे वाटाड्याच जाणे. सप्टेंबर 2025 मध्ये तरुणांचे आंदोलन पेटले, पंतप्रधान ओलींनी 9 तारखेला राजीनामा दिला, काठमांडूचे विमानतळ बंद पडले आणि महाराष्ट्रातले अनेक पर्यटकही अडकले. अशा वेळी रस्ता कुठे मोकळा आहे, हे आधी स्थानिक माणसालाच कळते. म्हणून वाटाड्या सोबत घेऊन नेपाळला जरूर जा. तिथल्या डोंगराळ गावांची चूल पर्यटनावरही पेटते. फक्त परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, थोडी रोकड जवळ बाळगा, भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि गाईडच्या मजुरीत घासाघीस करू नका.