पावसाला विचारून घेतलेले लाकूड

दिवाळीला घर आवरताना प्रत्येक गृहिणीला एक तरी फडताळ टोचत असतेच. मला टोचणारे फडताळ मालवणच्या घरी स्वयंपाकघरात होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही ते मुंबईहून मोठ्या हौसेने नेले. पांढरेशुभ्र, गुळगुळीत, पण आत नुसता दाबलेला भुसा! मृगाचा पाऊस सुरू झाला, आषाढात दारे फुगली आणि गणपतीत बिजागरी माझ्या हातात आली. पैसे गेले ते गेलेच, वर माई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसल्या ते वेगळेच.

यंदा ठरले की फडताळ, पुढच्या दाराची चौकट आणि माळ्याच्या फळ्या एकदमच नव्या करायच्या. सागाचा भाव ऐकून आमच्या ह्यांनी चष्मा पुसला. भावोजी म्हणाले, "परसातला फणस आहे की! तो पाडला तर सगळे भागेल." तो फणस मामंजींनी लावलेला. माई काही बोलल्या नाहीत. पानातली पेज मात्र तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. त्यांनी फणसाकडे पाहिले, माईंकडे पाहिले आणि म्हणाले, "वयनी, लाकूड बाजाराक इचारून नाय, पावसाक इचारून घेवचा."

मग त्यांनी मला जे शिकवले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल. आज पाडलेले झाड आज चौकटीत बसत नाही. ओल्या लाकडाची चौकट वाळताना आखडते, पिळवटते. जाड फळी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळता ठेवून वर्षभर तरी वाळवावी लागते. शिवाय महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे, तेव्हा आधी परवानगीचे पाहावे लागते. म्हणजे यंदाच्या कामाला परसातल्या फणसाचा काडीचा उपयोग नव्हता!

"मग लाकूड आणायचे कुठून?" मी विचारले. मेस्त्री मला पडक्या गोठ्याकडे घेऊन गेले. तिथल्या तुळयांवर त्यांनी हातोडी वाजवली. खणखणीत आवाज आला की गाभा शाबूत. बद्द आवाज आला की आत वाळवी. सातांपैकी पाच खणखणीत निघाल्या. तीन ऐनाच्या, दोन फणसाच्या. कित्येक पावसाळे पाहून वाळलेले लाकूड घरातच पडले होते आणि आम्ही झाडाच्या मुळावर उठलो होतो.

आता कोणते लाकूड कुठे? ऐन जड आणि कणखर, म्हणून तुळयांना. फणस चौकटीला आणि फळ्यांना. नवा असताना पिवळाधमक, पुढे तांबूस होत जातो आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. शिवण हलकी आणि आकार न सोडणारी, म्हणून फडताळाच्या दारांना. आंबा स्वस्त, पण कीड लवकर धरतो, चौकटीला नकोच. सागाची थोरवी निराळीच. १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. पण सागाचासुद्धा गाभाच घ्यावा. बाहेरचे पांढरे लाकूड वाळवीचा फराळ! प्लायवुड घ्यायचेच तर मोरीजवळ ७१० क्रमांकाचा भारतीय मानक शिक्का असलेले मरीन प्लाय घ्यावे आणि कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात.

जमिनीचे म्हणाल तर कोकणात तळमजल्यावर लाकडी जमिनीचा हट्ट धरू नये. खालून ओल येते. तिथे लादी बरी, लाकूड माळ्यावर शोभते. चौकटीचे पायही थेट जमिनीत न पुरता दगडी उंबरठ्यावर टेकवावेत. खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू घ्यावेत. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजते आणि लाकडाला काळे डाग पाडते.

राहिले पॉलिश. फ्रेंच पॉलिश लाखेचे. दिवाणखान्यात देखणे दिसते, पण गरम भांडे ठेवले की पांढरा डाग पडलाच. पावसाळ्यात लावले तर दमट हवेने त्यावर पांढरट झाक येते. म्हणून पॉलिश दसऱ्यानंतर, कोरड्या हवेत करावे. स्वयंपाकघरात पाणी सोसणारे पॉलियुरेथेन बरे. बाहेरच्या चौकटीला अळशीचे तेल पातळ हाताने दोन-तीनदा द्यावे आणि दर वर्षी पुन्हा एकदा. एक मात्र ध्यानात ठेवा: तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

आमचे काम परवा पुरे झाले. चौकटीवर एक जुनी खाच राहिली आहे. मेस्त्री ती बुजवणार होते, पण माईंनी हात धरला. "ऱ्हवांदे. थयसर आमची कपिला बांधत."

संध्याकाळी माईंनी नव्या उंबरठ्यावर पणती ठेवली, दुसरी परसात फणसाच्या बुंध्याशी. रात्री पेज त्यांनी दोनदा मागून घेतली.