अंगुस्तान घालणारा गिटारवाला



वाजंत्रीवाले आपण पुष्कळ पाहिले. आज इंग्लंडातल्या एका वाजंत्रीवाल्याची गोष्ट ऐका.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे १९४८ साली टोनी आयोमी जन्मला. पोरगा डावखुरा. पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि गावातल्या पोरांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. सतराव्या वर्षी एका बँडबरोबर परमुलखात जायचे ठरले आणि स्वारीने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी घरी जेवायला आला, तो परत जाईना. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. आया इथून तिथून सारख्याच!

पोरगा गेला. नेमका पत्र्याच्या यंत्रावरचा कामगार आला नव्हता, म्हणून यालाच तिथे उभे केले. सवय नसलेले यंत्र! वरचा भाग खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. डावखुऱ्याचा तारा दाबायचा हात तोच. अंगठ्याविना धार काढायची म्हणा ना! डॉक्टरांनीही वाजवणे विसर म्हणून सांगितले.

समाचाराला कारखान्यातला साहेब आला, तो गाण्याची तबकडी घेऊन. टोनीला ऐकायची इच्छा नव्हती. साहेबाने बळेच ऐकवली. मग सांगितले, हा वाजवणारा जँगो राइनहार्ट. १९२८ साली आगीत याचा डावा हात भाजला. सूर काढतो तो दोन बोटांवर!

पोरगा उठला. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दोन टोपणे केली, वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, तर बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल सोडून वाजवू लागला, तसा खर्जातला घुमारा निघाला.

१९६८ साली गावच्याच मित्रांबरोबर बँड काढला. त्याचे नावच ठरेना. मध्यंतरी 'अर्थ' ठेवले, म्हणजे इंग्रजीत पृथ्वी. तर पृथ्वीवर त्याच नावाचा आणखी एक बँड निघाला! शेवटी 'ब्लॅक सॅबथ' ठरले. १९७० साली पहिली मोठी तबकडी निघाली. त्या जड आवाजाला पुढे जग हेवी मेटल म्हणू लागले. ५ जुलै २०२५ रोजी या मंडळींनी निरोपाचा कार्यक्रम केला, तोही बर्मिंगहॅमलाच.

मंडळी, कडबाकुट्टीत नाहीतर मळणीयंत्रात बोट गेलेला माणूस आपल्या ओळखीतही असतो. म्हणून दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. गडी आला नाही म्हणून नवख्या पोराला यंत्रावर उभे करू नका. आणि समाचाराला गेलात, तर 'नशिबाचे भोग' म्हणत उसासे टाकू नका. तशाच अधू हाताने संसार ओढणारा कुणी माहीत असेल, तर त्यालाच बरोबर घेऊन जा.