नोटेचा ठिपका, आमचा अनुस्वार

नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. नोटेवरचा ठिपका सरकला की कागद बाद. पैशाचा ठिपका एवढा लाडका! आणि त्याच नाशकात, आमच्या सातपूरच्या कामगार वस्तीत, बाबासाहेबांचा अंक फिरतो तो कसला? झेरॉक्सची झेरॉक्स. कडा कापलेल्या, अक्षरं काजळलेली, अनुस्वार गायब. वर आपण म्हणतो, चालतंय.

नाय चालत, दोस्तांनो!

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत बोजे उचलतो. खोक्यावरचा एक आकडा पुसला की माल भलत्याच बंदरात. विचाराचंही तसंच. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं जगाला दाखवलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅनची फाइल लहान करताना ६ चा ८ करतात. पान स्वच्छ, आकडा खोटा. स्वच्छतेचं हे सोंग आम्हाला नवं नाय!

पैसे देऊनही ‘केसरी’नं १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ निघालं, त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. सरकारनं हे अंक १९९० साली ग्रंथरूपात काढले. पण पुढं त्यांच्या ग्रंथांची सरकारी छपाई इतकी रखडली, की २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मग वाट कुणाची बघता? बाबासाहेबांच्या हयातीत छापलेल्या त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट १ जानेवारी २०१७ ला संपला. घरात छापा!

पण नीट छापा. मूळ पान ६०० डीपीआयवर, करड्या छटांत स्कॅन करा. निव्वळ काळंपांढरं केलं की फिकट अनुस्वार बुडतो, ‘वंदन’चं ‘वदन’ होतं. स्कॅन करताना पानाशेजारी पट्टी ठेवा. छापताना ‘फिट टू पेज’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ घ्या. छापलेले १० सेंटिमीटर खऱ्या पट्टीला भिडले पायजेत. पान ए-४ त मावत नसेल तर दोन तुकड्यांत छापून चिकटवा, पण आकसू नका. शाईपेक्षा लेसरची छपाई बरी. आमच्या पत्र्याखाली पाऊस गळतो.

आणि खबरदार, सुधारू नका! १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार हाकलले. १९२० च्या पानावर ते आहेत, ते राहू द्या. कुणी म्हणेल, टाइप करून घेऊ, वाचायला सोपं. घ्या की! पण ती नवी प्रत झाली, साक्षीदार मूळ पानच. उद्या टाइप करणारा हात कुणाचा असेल? त्यानं एक शब्द फिरवला तर ताडून कशाशी बघणार?

१९३० साली याच नाशकात काळारामाच्या दारात आमच्या म्हाताऱ्यांना अडवलं. ज्यांच्या सावलीचा विटाळ धरला, त्यांच्या हातचा कागद आता पुरावा होणार आहे. तो पुराव्यासारखाच छापा.

एक ठिपका कमी नको.