आवडते हॉटेल आणि न लिहिलेली कादंबरी

एखादे जुने हॉटेल बंद झाले, किंवा बंद होणार अशी नुसती वार्ता आली, तरी मराठी वृत्तपत्रांत स्मरणलेख येऊ लागतात. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, मस्का-पाव, एका कपावर दोन तास बसू देणारा मालक, त्या टेबलावर निघालेली मासिके आणि जुळलेली लग्ने, हे सारे त्यांत ओळीने येते. मुंबईचे कयानी (१९०४), ग्रँट रोडचे मेरवान (१९१४), पुण्याचे गुडलक (१९३५), माटुंग्याचे रामा नायकांचे उडुपी बोर्डिंग (१९४२) या नावांभोवती असा जिव्हाळा दाटलेला आहे आणि तो खोटा नाही. परंतु अर्थशास्त्राच्या शिक्षकाला एक खोड असते. एखादी वस्तू 'आवडती' आहे असे म्हटले की ती कोणाला आवडते आणि तिची किंमत कोण चुकवितो, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. हे बहुतेक लेख खुर्चीवर बसलेल्यांनी लिहिलेले आहेत. जो तेथे उभा होता, त्याचा लेख अद्याप यावयाचा आहे.

मराठी कादंबरीची गोष्टही फारशी निराळी नाही. आपल्या कादंबऱ्यांतील तरुण चहाच्या टेबलावर जितके बोलले तितके अन्यत्र क्वचितच बोलले असतील. तरी हॉटेल तेथे येते ते बहुधा पात्रांच्या बसण्याची सोय म्हणून. टेबल पुसणारा हात संवादाच्या मध्ये येऊन जातो. त्याला नाव नसते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर मेसचा सेक्रेटरी होतो आणि हिशेबात बुडतो. ताटामागे देणेकरी उभे असतात, हे तेथे नायकाला कळते. पण ती त्याच्या शिक्षणाची एक पायरी ठरते आणि मेस मागे पडते. भाऊ पाध्ये यांनी 'वासूनाका'त (१९६५) नाका हाच विषय केला. अरुण कोलटकर मुंबईच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षे बसत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या काळा घोडाविषयक इंग्रजी कवितांत त्या परिसराच्या पदपथावरची माणसे आणि त्यांची न्याहारी आली. त्यांची नजर बाहेर रस्त्याकडे होती. आतल्या, भटारखान्याच्या दाराकडे पाहणारी मोठी कादंबरी मराठीत लिहावयाची राहिली आहे, असे माझे मत आहे.

बंगालीत ती केव्हाच लिहिली गेली. 'पथेर पांचाली'मुळे आपल्याला परिचित असलेल्या विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'आदर्श हिंदू हॉटेल' ही कादंबरी १९४० ची. रानाघाट हे रेल्वेचे जंक्शन, त्याच्या बाजारातील एक साधे हॉटेल, आणि तेथे तुटपुंज्या पगारावर राबणारा हाजारी नावाचा आचारी. गिऱ्हाईक येते ते हाजारीच्या हातच्या चवीसाठी, गल्ला मालकाचा, आणि रुबाब पद्म नावाच्या मोलकरणीचा. चोरीचा आळ येऊन हाजारीला तेथून बाहेर पडावे लागते. पुढे तो स्वतःचे हॉटेल काढतो, त्याचे जुन्या मालकाचे हॉटेल बुडते, आणि त्याच मालकाला व पद्मला तो आपल्याकडे कामावर ठेवतो. हे सारे लोककथेसारखे गोड वाटेल. परंतु लेखकाने एक प्रश्न टाळलेला नाही: भांडवल आले कोठून? ते पेढीवरून आले नाही. ते आले कुसुम व अतसी यांसारख्या स्त्रियांच्या गाठीच्या पैशांतून, केवळ माणसावरील विश्वासावर. बँकशास्त्राच्या पुस्तकात ज्याला तारण म्हणतात, त्याचा येथे पत्ताही नाही. आणि अखेरीस हाजारी नव्या नोकरीसाठी निघतो तो कोठे, तर मुंबईला.

शंकर यांच्या 'चौरंगी'ने (१९६२) मोठ्या शहरातील बड्या हॉटेलाचा असाच विस्तार केला. कलकत्त्याच्या शाहजहान हॉटेलातील स्वागतकक्षाचा माणूस, व्यवस्थापक, पाहुण्यांची सरबराई करणारी तरुणी, चादरी-अभ्र्यांचा हिशेब ठेवणारा, नाचणारी, वाजविणारे, अशा अनेकांची आयुष्ये एकमेकांत गुंतत जातात, कारण ती सर्व एकाच छपराखाली पगार घेतात. सांगणारा स्वतः तेथील नोकर आहे. कथा सांगणारा नोकर असला की हॉटेल कसे बदलून जाते, हे पाहण्यासाठी तरी आपल्या विद्यार्थ्यांनी ही कादंबरी वाचावी.

महाराष्ट्रात असा ऐवज नाही काय? आहे, आणि तो अधिक दाहक आहे. परक्या माणसाशेजारी एका टेबलावर बसून पैसे देऊन खाणे, ही गोष्टच आपल्या समाजात फार जुनी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या अखेरच्या वर्षांत गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले. राजवाड्याच्या नोकरीत असताना पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला होता. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करावयास सांगितले व मदतही केली. चहा चांगला होता, भावही वाजवी होता. पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या प्रतिष्ठितांनाही तो पाजू लागले. बाजारात पैशाला जात नसते, असे आम्ही वर्गात सांगतो. गंगारामांच्या दुकानात पैसा आधी हरला होता. त्याला जिंकविण्यासाठी राजाला रस्त्यात थांबावे लागले.

पुढे १९५० पासून राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांची दारे सर्वांना मोकळी केली. तरीही खेड्यांतील चहाच्या दुकानांबाहेर वेगळी कपबशी किती वर्षे राहिली, आणि ती पिणाऱ्यानेच विसळून ठेवावयाची असे, हे दलित लेखकांनी सांगितले आहे. ज्या हॉटेलांची आपण आवडते म्हणून आठवण काढतो त्यांच्या इतिहासात ही कपबशी कोठे ठेवावयाची, हा कादंबरीकाराचा प्रश्न आहे. आठवणीचा लेख तो बाजूला सारू शकतो. कादंबरीला तसे करता येणार नाही, कारण तीनशे पाने चालणाऱ्या हॉटेलात सगळीच गिऱ्हाईके यावी लागतात.

दुसरी सामग्री गिरणगावातील. गावाकडून एकट्या आलेल्या कामगाराला जेवू घालणारी खाणावळवाली ही मुंबईच्या कापडधंद्याची न मोजलेली कामगार होती. ती महिन्याच्या बोलीने जेवण देई. धान्य मात्र तिला आधी आणावे लागे, आणि त्यासाठी सावकाराकडे जावे लागे. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचविले. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. संपावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण पगार थांबलेल्या दहा-बारा जणांना ताट वाढावयाचे की नाही, हा निर्णय रोज दोन वेळा जिला घ्यावा लागला, तिच्या स्वयंपाकघरातून तो संप कसा दिसला असेल? रानाघाटच्या हाजारीला मुंबईत अशा बहिणी होत्या. त्यांना विभूतिभूषण मात्र लाभला नाही.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १ जुलै १९९८ रोजी वाशीम अकोल्यापासून वेगळा होऊन जिल्हा झाला. जिल्हा झाला की कार्यालये येतात आणि कार्यालयांच्या पाठोपाठ चहाचे ग्लास. आमच्याकडील बसस्थानकालगतच्या, कचेरीसमोरच्या, बाजार समितीजवळच्या कोणत्याही हॉटेलात सकाळी आलूबोंड्याची कढई चढते तेव्हापासून जिल्ह्याचा कारभार तेथे सुरू झालेला असतो. तारखेला आलेला पक्षकार, सातबारा काढावयास आलेली म्हातारी, सोयाबीनचा भाव ऐकून खट्टू झालेला शेतकरी, रिसोडची बस चुकलेली विद्यार्थिनी, आणि अर्जाचा मसुदा लिहून देऊन चहावर भागविणारा निवृत्त कारकून, ही पात्रे शोधावी लागत नाहीत.

आणि त्या हॉटेलात एक उधारीची वही असते. माझ्या मते ती आमच्या जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचा एक अस्सल दस्तऐवज आहे. पाऊस लांबला की तिची पाने भरतात. सोयाबीन बाजारात आले की काही रेघा कटतात. कार्यालयातील कायम कर्मचाऱ्याचे खाते एक तारखेला मिटते. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचे खाते तसेच राहते, कारण त्याचे मानधन महिनोन्‌महिने अडकते. पदव्युत्तर पदवी खिशात घेऊन तो नाश्ता लिहून ठेवावयास सांगतो आणि मालक वर न पाहता लिहितो. या न पाहण्यात जी सभ्यता आहे ती व्याजाच्या दरात मांडता येत नाही. मात्र मालकाला संत करण्याचेही कारण नाही. जो गिऱ्हाईकाची उधारी सांभाळतो तोच कारागिराचा पगार दोन महिने अडवितो, असेही घडते. एकाची दिलदारी दुसऱ्याच्या घामातून भागविली जाते. चांगला कादंबरीकार येथेच ठाण मांडील.

त्याने आणखी एका पात्राला टाळू नये. स्मरणलेखांत ज्याला 'पोऱ्या' म्हणतात, तो ग्लास उचलणारा मुलगा. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे व उपाहारगृहे यांत कामावर ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने ती अधिक व्यापक केली. कायदा आवश्यकच होता. परंतु त्याआधीच्या दशकांत शेकडो हॉटेलांत जी मुले वाढली, फळीवर झोपली, रात्रशाळेत गेली किंवा गेली नाहीत, ती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांपैकी काही आता मालक असतील. त्यांच्या हॉटेलात आज कोण ग्लास उचलतो, या एका प्रश्नावर कादंबरीचा उत्तरार्ध उभा राहू शकेल.

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे पाहणीचा अहवाल नव्हे. मान्य. पण हॉटेलाच्या बाबतीत हिशेब हा कथेबाहेरचा तपशील नसतो. हाजारीचे स्वप्न आपल्याला खरे वाटते, कारण मासळी, तांदूळ आणि माणसे यांचा ताळा तो झोपेतही मांडीत असतो. आपल्या लेखकांना माणसाचे दुःख लिहिता येते, त्याचा धंदा लिहिताना मात्र ते अवघडतात. हे वैगुण्य हॉटेलाच्या कादंबरीत लपून राहणार नाही, आणि कदाचित म्हणूनच तिच्या वाटेला कोणी जात नसावे.

दरम्यान रस्ते बदलत आहेत. नागपूर-औरंगाबाद हा जुना मार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगाव अशी गावे गाठीत जातो. त्यावरील हॉटेले थांबणाऱ्या गाड्यांवर वाढली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून तो ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईकडे खुला झाला. तो आमच्या जिल्ह्यातूनच जातो. पण त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. लांबच्या प्रवाशाला शेलूबाजारला चहासाठी थांबण्याचे कारण उरलेले नाही. गल्ल्यावर आता पैसे स्वीकारण्याचा छापील चौकोन चिकटविलेला असतो, आणि त्याच्याखाली ती वही अजून असते.

आमच्या महाविद्यालयांत दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्प लिहितात आणि त्यांतील बहुतेक एकमेकांवरून उतरविलेले असतात. अर्थशास्त्राच्या व मराठीच्या शिक्षकांनी मिळून एक वर्ष त्यांना एवढेच सांगावे: आपल्या गावातील जुन्यात जुन्या हॉटेलात जा, दुपारी तीन वाजता, भट्टी मंद असते तेव्हा, मालकाशी नव्हे, कारागिराशी बोला, तो कोणत्या गावाहून आला, कोणाच्या हाताखाली शिकला, पहिला पगार किती होता आणि तो किती दिवसांनी मिळाला, हे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. कादंबरीकार येईल तेव्हा येईल. कारागीर म्हातारे होत चालले आहेत.