केशाकर्षण पाठ, उलटतपासणी नापास

मार्च 2012. विलेपार्ल्यातील इर्ल्याच्या वेलंकनी माता चर्चमध्ये क्रुसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि दर्शनाला गर्दी लोटली. विवेकवादी कार्यकर्ते सनल इडामरुकू यांनी जागा पाहून सांगितले, की जवळचे गटार तुंबले आहे आणि तेच पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते आहे.

टीव्हीवरील चर्चेनंतर ‘पाणी येते कुठून?’ हा प्रश्न बाजूला पडला आणि ‘विचारणारा हा कोण?’ यावर रण पेटले. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी भारतीय दंड संहितेच्या कलम 295 अ खाली नोंदवल्या गेल्या. त्याच वर्षी इडामरुकू फिनलंडला निघून गेले.

हे एकाच धर्मात घडते असे नाही. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून मुंबईतही देवळांपुढे रांगा लागल्या. ते दूध मूर्तीवरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमचे समुद्राचे पाणी गोड झाल्याची आवई उठली. मिठी नदी उपनगरांची घाण जिथे आणून ओतते, तिथले पाणी लोक ओंजळीने प्यायले. इतके जण पितात, म्हणजे त्यात काहीतरी असणारच!

या रांगांत शिकलेलेही होते. केशाकर्षणाची व्याख्या उत्तरपत्रिकेत लिहिणे वेगळे आणि समोर आलेल्या दाव्याची उलटतपासणी घेणे वेगळे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराचा उल्लेख आहे. वेळापत्रकात त्याला तास नाही.

हे शिकवता येते का? युगांडात 120 प्राथमिक शाळांत त्याची रीतसर चाचणी झाली. निम्म्या शाळांतील मुलांना चित्रकथेच्या आधारे उपचारांविषयीचे दावे तपासायला शिकवले. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: धडे घेतलेल्यांपैकी 69 टक्के मुले चाचणीत उत्तीर्ण झाली, न घेतलेल्यांपैकी 27 टक्के.

आपल्याकडे त्यासाठी वेगळा विषय नको, पाठ करायची तर्कदोषांची यादी तर नकोच. मराठीचा तास आणि त्यातल्या म्हणी पुरेशा आहेत. कावळा बसला म्हणून फांदी तुटली का, हे मुलांनाच भांडून ठरवू द्यावे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजतो. माणसांचे तसे नसते. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला, ती महाराष्ट्रीय आहे म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारल्याचे प्रकरण गाजले. नाकारणाऱ्या गुजरातींनी एका समाजाला एकाच मापाने मोजले. त्यावर चिडून सगळ्या गुजरातींविषयी निकाल देऊन टाकणाऱ्यांनीही तेच केले. आठवीच्या वर्गात यावर चर्चा तापेल, आणि ती तापायला हवी.

अडचण शिक्षकांची आहे. ‘कशावरून?’ विचारायला शिकलेले मूल तोच प्रश्न बाईंना आणि सरांनाही विचारणार. त्याला उद्धटपणा न समजण्याची तयारी आणि त्यासाठी प्रशिक्षण लागेल. महापालिकेने अंधेरी, बोरिवली, घाटकोपरमधील काही शाळा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात. निम्म्यांत जूनपासून हे तास घ्यावेत, उरलेल्यांत पुढच्या वर्षी. डिसेंबरात दोन्हीकडे एकच चाचणी घेतली, तर उपयोग किती होतो हे कुणाच्या मतावर सोडावे लागणार नाही.