सांडपाण्याचा धडा शहराचा, प्रश्न गावाचा: बोरी अरबच्या मुलांनी नेमकं काय शिकायचं?

एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञान पुस्तकात अनेक वर्षं सांडपाण्यावर स्वतंत्र धडा होता. जाळीत अडकणारा कचरा, टाकीत खाली बसणारा गाळ, हवा सोडून वाढवलेले जिवाणू आणि शेवटी नदीत सोडलेलं स्वच्छ पाणी, असा प्रक्रिया केंद्रातला सगळा प्रवास त्यात होता.

माहिती बरोबर आहे. पण यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात मुलांना सांडपाणी दिसतं ते घरासमोरच्या नालीत. तिथून ते उताराकडे, म्हणजे शेवटी ओढ्या-नदीकडे जातं.

नळ आला, मग सांडपाण्याचं काय?

जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 ला झाली. माणशी रोज 55 लिटर पाणी हे तिचं उद्दिष्ट. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होतं, असं नियोजनात धरतात. म्हणजे पाच जणांच्या घरातून रोज सुमारे 220 लिटर. अशी हजार घरं असली तर दिवसाला 2 लाख 20 हजार लिटर. विहिरीवरून डोक्यावर पाणी आणताना ते जपून वापरलं जायचं. नळ घरात आला की नालीतलं पाणीही वाढतं. ते साचलं की डास होतात, मुरलं तर विहिरी-हातपंपांचं पाणी बिघडू शकतं.

शहरांचीही स्थिती फार चांगली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होतं, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया 20,236 दशलक्ष लिटरवरच होत होती.

गावाकडे उपाय कोणता?

पैनगंगेपलीकडच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. साधारण चार फुटांचा खड्डा, मधोमध छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. नाल्या कोरड्या झाल्या, डास घटले. पुढे जिल्ह्यात रोजगार हमीतून हे काम पसरलं.

स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यातही यासाठी निधी आहे: 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 280 रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला 660 रुपयांपर्यंत.

मात्र नांदेडचा खड्डा जसाच्या तसा उचलून चालत नाही. कपाशीच्या काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. खड्डा खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. तेही जमत नसेल तर पाणी परसबागेला द्यायचं किंवा गावाबाहेरच्या तळ्यात साठवून निवळू द्यायचं. शौचालयाचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं नाही, खड्डा विहिरीपासून लांब ठेवायचा आणि साचलेला गाळ वेळोवेळी काढायचा. शेवटचं काम राहून गेलं की चांगला खड्डाही तुंबतो.

धडा कुठे शिकवायचा?

म्हणून हा धडा वर्गाबाहेर, शाळेच्या हात धुण्याच्या नळापासून सुरू व्हायला हवा. तिथलं पाणी कुठे जातं, दिवसाला किती बादल्या होतात, शाळेच्या आवारातली माती पाणी किती वेळात शोषते, हे मुलं स्वतः मोजू शकतात. माणशी मिळणाऱ्या निधीचं काय झालं, हा प्रश्न मग ग्रामसभेत त्यांचे आईवडील विचारू शकतात, हातात मुलांनी मोजलेले आकडे घेऊन.