इंग्रजीची दोन नाणी

नागपूर-हैदराबाद महामार्गावर जाम येथे चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. या चौरस्त्यावरील गॅरेजांतून वावरणारी इंग्रजी विलायतेची आहे. पेट्रोल, पंक्चर, बॉनेट, सायलेन्सर, मडगार्ड हे शब्द ब्रिटिश अमदानीत मोटारींबरोबर आले. वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून नाव मिळालेली ‘स्टेपनी’ खुद्द तिकडे विस्मरणात गेली. इकडे ती प्रत्येक ट्रकला लटकलेली असते. अमेरिकन माणूस पेट्रोलला ‘गॅस’ आणि सायलेन्सरला ‘मफलर’ म्हणतो. जामच्या मेकॅनिकच्या लेखी गॅस स्वयंपाकाचा आणि मफलर थंडीत गळ्याभोवती गुंडाळायचा!

गॅरेजात हा भेद गमतीचा वाटला, तरी वर्गात तो महाग पडू शकतो. इंग्लंडमधील १८१५ चे ‘कॉर्न लॉज’ १८४६ मध्ये रद्द झाले, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी वाचतो. पॉपकॉर्न परिचयाचे असल्याने ते कायदे मक्याचे होते, अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. ब्रिटिश ‘कॉर्न’ म्हणजे गव्हासह सर्वच धान्य; मका हा त्याचा अमेरिकन अर्थ. ‘बिलियन’चेही तसेच. ब्रिटनमध्ये तो पूर्वी दशलक्ष गुणिले दशलक्ष होता. १९७४ मध्ये तेथील सरकारने अमेरिकन मोजणी, म्हणजे आपले एक अब्ज, स्वीकारले. जुन्या ब्रिटिश ग्रंथातील आकडा आजच्या अर्थाने वाचला, तर हजारपटींची चूक होते.

असे असता शिक्षणव्यवस्थेने हा भेद समजावून न सांगता केवळ त्याबद्दल गुण कापावेत, हे न्याय्य नव्हे. ‘कलर’मधील ‘यू’ गाळणे हे अज्ञान नसून, वेबस्टर यांच्या १८२८ च्या कोशापासून अमेरिकेत मान्यता पावलेले लेखन आहे. संगणकावर हेच रूप पाहणाऱ्या मुलाला ते चूक का, हे कळत नाही. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याचा आत्मविश्वास मात्र खचतो.

परीक्षेला एक प्रमाण हवे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी एका उत्तरपत्रिकेत एकच पद्धत पाळावी, एवढा दंडक पुरेसा आहे. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी दोन्हीकडील नित्याच्या शब्दांची दोन पानांची यादी जोडण्यास खर्चही फारसा येणार नाही. रुपया आणि डॉलर यांचा विनिमयदर शिकविणाऱ्या महाविद्यालयांनी शब्दांचाही विनिमय शिकवावा. ज्याला उद्या दोन्ही बाजारांत नोकरी शोधायची आहे, त्याच्या हाती दोन्ही नाणी असली पाहिजेत.